प्रश्न न विचारणारी माणसं

दादाचा फोन आला तेव्हा मी शाळेत चाचणीच्या वह्या तपासत बसले होते. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावी राहतो, घरची शेती बघतो आणि वीसेक वर्षं सेनगाव ते हिंगोली जीप चालवत होता. मी लग्न होऊन वसमतला आले आणि इथल्याच एका शाळेत शिकवते. आमचं बोलणं व्हायचं ते रविवारी. कामाच्या दिवशी भर दुपारी त्याचा फोन म्हणजे घरी काहीतरी बरंवाईट झालं असणार, असं वाटून मी घाईनं उचलला.

"बाई," तो म्हणाला, "तुला ती फिल्लम आठवते का? कालव्याच्या कॉलनीतली. माणसं बदलून जातात ती."

मला हसूच आलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस स्टँडवर जीप उभी करून बहिणीला फोन करतो, तो चाळीस वर्षांपूर्वी टीव्हीवर एकदाच लागलेल्या सिनेमासाठी!

"आठवते की," मी म्हणाले. "कालव्याच्या काठावर बसलेलं ते पोरगं. हाफ पँटवालं."

"व्हय, तीच. अन् ती लिफ्टची?"

"जी नसलेल्या मजल्यावर थांबते?"

मग आमची गाडी सुटलीच. एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाच्या रेडिओवर उद्याच्या बातम्या आजच लागायच्या, तो सिनेमा त्याला आठवला. मला चंद्रावरच्या वसाहतीचा आठवला. त्यातल्या लोकांच्या डोक्यावर मोटारसायकलची हेल्मेटं होती, चंदेरी रंग दिलेली, आणि कुणी दार लावलं की चंद्राची भिंत हलायची. वीस मिनिटं आम्ही दोघं हसत होतो. शेवटी मी सहज विचारलं, "पण तुला आजच काहून आठवली रे?"

 मागून स्टँडवरचा हॉर्न, केळीवाल्याचा आवाज येत होता.

"काही न्हाई," तो म्हणाला. "तुझी वैनी चार दिवस झाले, मला काहीच इचारून न्हाई राहिली."

"भांडण झालं असंल."

"भांडण न्हाई. ती वैनी न्हाई."

मी मोठ्यानं हसले. तोही हसला असं मला तेव्हा वाटलं. घंटा झाली म्हणून मी फोन ठेवला आणि वर्गात जाताना मला बरंच वाटत होतं. हे सगळं आठवणारं जगात अजून कुणीतरी आहे, एवढंच माझ्या मनात होतं.

आज ते सिनेमे कुणालाच आठवत नाहीत. शाळेतल्या बायकांना मी विचारून पाहिलंय. त्यांना मालिका आठवतात, गाणी आठवतात, जाहिराती तर तोंडपाठ आहेत. पण टीव्हीसाठीच काढलेले ते तास-दीड तासाचे हिंदी सिनेमे, ज्यात एकही गाणं नसायचं, ओळखीचा नट नसायचा आणि शेवटी बहुतेक वेळा काहीतरी वाईट व्हायचं, ते एकदा लागले आणि गेले. पुन्हा दाखवले नाहीत. त्यांची नावंसुद्धा आम्हाला माहीत नव्हती. आम्ही त्यांना लिफ्टची, रेडिओची, कालव्याची असंच म्हणायचो.

गावात एकच टीव्ही होता, ग्रामपंचायतीच्या खोलीत, कुलपाच्या लाकडी पेटीत. लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडायचे. लिंबाला बांधलेल्या बांबूवर अँटेना होता. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि कुणीतरी बाहेर जाऊन बांबू फिरवायचा. सिनेमे लागायचे संध्याकाळी, आणि दिवेलागणीनंतर पोरींनी तिथं थांबायचं नाही अशी आमच्या वडिलांची ताकीद होती. त्यामुळे मी सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं बघायची आणि उठून घरी यायची. बाकीचं दादा दुसऱ्या दिवशी सांगायचा, शेतात, कापूस वेचताना. तो एका ओळीला आणि मी शेजारच्या ओळीला. ओळ संपेपर्यंत एक प्रसंग सांगून व्हायचा. ओटी रिकामी करून आलो की पुढचा. लिफ्ट म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, तर तो म्हणाला, विहिरीतल्या बादलीसारखी खोली असते, दोरानं वर ओढतात. मी कितीतरी वर्षं लिफ्टमध्ये पाणी असतं असं समजत होते.

कालव्याचा सिनेमा लागला तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तो तेरा. मी पाहिला तो असा: एका धरणाजवळ सरकारी कॉलनी. तिथं एक पांढरी बंद गाडी येते आणि लोकांची फुकट तपासणी सुरू होते. एक बाई आत जाते, दार लागतं, आतून घुंऽऽ असा आवाज येतो. तेवढ्यात मला उठावं लागलं.

पुढचं दादानं सांगितलं. त्या गाडीत गेलेलं माणूस बाहेर येतं ते तसंच दिसतं. तोच चेहरा, तेच लुगडं, चालणं तेच. पण आतलं माणूस दुसरंच असतं. कॉलनीतल्या एका पोराची आई तपासून येते. भाकरी पहिल्यासारखीच करते, त्याच्या डोक्याला तेल लावते. पण पोराला कळतं.

"कसं कळतं?" मी विचारलं होतं.

"ती काही इचारत न्हाई," दादा म्हणाला. "जेवला का, कुठं गेलता, लागलं का, काहीच न्हाई. बदललेली माणसं इचारत न्हाईत. इचारलं तर सांगतात फकस्त."

"मग खरी आई?"

"ती गाडीत राहिली."

"परत येते का?"

दादा बराच वेळ बोंडं वेचत राहिला. मग म्हणाला, "न्हाई येत. पोरगं कालव्यावर जाऊन बसतं. मग घरी येतं अन् जेवतं."

एवढाच शेवट. त्या सिनेमाची भीती मला इतर सगळ्यांपेक्षा जास्त वाटली, कारण त्यात कुणी मरत नव्हतं. पुढं कितीतरी दिवस मी घरातल्या माणसांकडे कान लावून असायचे, कोण विचारतंय आणि कोण नाही.

इथं आमच्या घराचं सांगायला हवं. मी तीन वर्षांची असताना आमची आई गेली. तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. वर्षाच्या आत वडिलांनी तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न केलं. लेकरांना परकी नको, असं दोन्हीकडच्या लोकांनी ठरवलं. मला पहिली आई आठवत नाही, म्हणून मी मावशीलाच आई म्हणते. दादा तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो तिला मावशीच म्हणत आला. एका घरात दोन लेकरं एकाच बाईला दोन नावांनी हाक मारतात याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. वडील जाऊन आता बारा वर्षं झाली. मावशी चौसष्ट वर्षांची आहे आणि दादाकडेच राहते.

दुपारच्या त्या फोननंतर तीन आठवड्यांनी मी गावी गेले. स्टँडवर वैनी घ्यायला आली होती. ती कधी येत नाही.

"बाई, प्रवास कसा झाला? जागा मिळाली का? पोरं काय म्हणतात? थंडी हाय का तिकडं?" ती एका दमात म्हणाली.

मी एकाचं उत्तर देईपर्यंत दुसरा प्रश्न. घरी पोचलो तर तेच. दादा ओसरीवर बसला होता. वैनी त्याला म्हणाली, "चहा करू का? साखर किती टाकू? बशीत देऊ का कपात? सकाळी डोकं दुखत होतं, आता कसं हाय?" दादा तिच्या तोंडाकडे बघत होता. तपासनीस तिकीट बघतो तसं. मग हळूच म्हणाला, "कपात दे."

ती चुलीपाशी गेली तेव्हा मी मागं गेले. ती पदरानं डोळे पुसत होती.

"वैनी, काय झालं?"

"त्यांनीच सांगितलं," ती म्हणाली. "मी इचारत न्हाई म्हणून मी बदललेली हाय म्हणले. मंग मी इचारायला लागले. दिवसभर इचारते, बाई. इचारलं की घटकाभर बराबर राहतात. जरा कामात गप झाले की बघायला लागतात. परवा माझा कान धरून छिद्रं मोजली. म्हणले, तिला एका कानात दोन छिद्रं होती. बाई, मला दोन छिद्रं कधीच नव्हती."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेली बाई ही. मुलगा पुण्याला नोकरीला. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, बाबा चेष्टा करत असतील.

मलाही ती चेष्टाच असावी असं वाटत होतं. पण संक्रांतीच्या आठवड्यात दादा नऊ प्रवासी घेऊन हिंगोलीला निघाला आणि भलत्याच रस्त्याला लागला. लोक ओरडत होते तरी त्यानं गाडी थांबवली नाही. कच्च्या रस्त्यानं जात एका पाटाच्या कडेला जीप उभी केली, चावी काढून खिशात टाकली आणि पाण्याकडे बघत बसून राहिला. प्रवासी उतरून चालत डांबरी रस्त्याला आले. त्यांच्यातल्याच एकानं घरी कळवलं. वीस वर्षं ज्या रस्त्यानं तो डोळे मिटून गेला असता तो रस्ता त्याला आठवेना.

आम्ही त्याला नांदेडला नेलं. तपासण्या झाल्या. डोक्याचा फोटो काढायच्या मशिनीत जायला तो तयार होईना. दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "बाई, मी आत गेलो तर बाहेर कोण येईल?" तिथला कर्मचारी हसला. मला हसू आलं नाही. शेवटी मी त्याचा हात धरून दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "मी इथंच उभी हाय, तूच येशील." तो गेला. बाहेर आल्यावर त्यानं पहिल्यांदा स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले.

डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं की हा मेंदूचा आजार आहे, विसरण्याचा, आणि या वयातही काहींना होतो. काही रोग्यांना जवळचं माणूस तसंच दिसतं, पण ओळखीची जी ऊब आतून यायला हवी ती येत नाही. मग मन त्याचा अर्थ लावतं, की माणूस बदललं आहे.

"सर्वांत जवळच्या माणसाबद्दलच असं वाटतं," ते म्हणाले. "वाद घालू नका. पटवून देऊ नका. औषधानं थोडं कमी होईल."

"बरं होईल का?" वैनीनं विचारलं. तो तिचा दिवसभरातला एकच खरा प्रश्न होता.

डॉक्टरांनी कागदावर गोळ्या लिहिल्या आणि किती वाजता द्यायच्या ते सांगितलं.

पटवून देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी माझ्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली. भीती त्या सिनेमातून आली आहे. तो सिनेमा सापडला आणि दादाला दाखवला, चंद्राच्या हलणाऱ्या भिंतीसारखा त्यातलाही खोटेपणा दिसला, तर त्याला कळेल की हे लहानपणी पाहिलेलं एक नाटक आहे. मग मी शोधायला लागले. रोज शाळेतून आल्यावर फोन घेऊन बसायची. हिंदीत लिहून बघायची, इंग्रजीत लिहून बघायची: कालवा, कॉलनी, पांढरी गाडी, जुना टीव्ही सिनेमा. नवऱ्याला वाटलं मला व्यसन लागलं. त्या शोधात मला रेडिओचा सिनेमा सापडला, अर्धा. लिफ्टचा सापडला नाही. अशा जुन्या टेपा गोळा करून इंटरनेटवर टाकणारा एक माणूस होता, कुठल्या गावचा माहीत नाही. त्याला मी लिहिलं. त्याचं उत्तर महिन्यानं आलं: वर्णन जुळतंय असं एक माझ्याकडे आहे, नाव पुसलं गेलंय, टाकतो.

मार्च होता. वसमतला हळद शिजवायचे दिवस, सगळ्या गावावर तो उग्र, मातकट वास. रविवारी दुपारी दार लावून मी तो सिनेमा बघितला. चित्र जागोजाग फाटत होतं, आवाज पाण्याखालून आल्यासारखा. पण तीच कॉलनी. तीच पांढरी गाडी. ती बाई आत गेली, दार लागलं, घुंऽऽ आवाज आला. माझ्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षांपूर्वी मी इथंच उठले होते.

पुढं बघितलं आणि मला काही समजेना. सिनेमाचा नायक एक मिशीवाला इंजिनिअर होता. बदललेली माणसं ओळखायची खूण म्हणजे त्यांच्या हातातली घड्याळं बंद पडायची. शेवटी तो इंजिनिअर गाडीला आग लावतो आणि सगळी माणसं पहिल्यासारखी होऊन आपापल्या घरी जातात. सूर्योदय होतो. संपलं.

त्यात पोरगं नव्हतं.

मी परत पहिल्यापासून लावलं. कालव्याच्या काठावर हाफ पँटमध्ये बसलेलं पोरगं माझ्या डोळ्यांसमोर आजही आहे, त्याच्या गुडघ्यावरची खपलीसुद्धा. पण अख्ख्या सिनेमात एकही लेकरू नाही. आई नाही. प्रश्न न विचारण्याचं तर नावच नाही. जे मी जन्मभर पाहिलं म्हणून जपलं ते पडद्यावर कधी नव्हतंच. ते कापसाच्या ओळीत, शेजारच्या ओळीतल्या तेरा वर्षांच्या पोरानं मला सांगितलं होतं.

पुढच्या शनिवारी मी गावी गेले. दादा झोपला होता. मावशी अंगणात गहू निवडत होती. मी तिच्यासमोर सूप ओढून बसले आणि तिला सगळं सांगितलं. सिनेमात काय आहे आणि दादानं काय सांगितलं होतं. ती खडे काढत ऐकत होती. ती स्वतःही दादाला कधी काही विचारायची नाही, हे मी शब्दांत आणलं नाही. तिनंच आणलं.

"मी काही इचारतच नव्हते," ती म्हणाली. "त्यानं बराबर पाहिलं."

"आई, तू वीस वर्षांची होतीस."

"व्हय. ताईच्या घरात आले. ताईचीच लुगडी, ताईचा तवा. सगळे म्हणायचे, हुबेहूब दिसती. मला लई भ्याव वाटायचं. काय इचारू? इचारलं अन् पोरगं म्हणलं, तू कोण इचारणारी, तर? म्हणून गप राहायची. जेवायला वाढायची अन् आत जायची. तू लहान होतीस, तू कुशीत यायचीस. तो दारात उभा राहून बघायचा."

"कधी बोलला नाही का तुला?"

"एकदाच." तिनं एक खडा बाजूला टाकला. "म्हणला, मावशी, आईला कुठं ठिवलंय? मला वाटलं, रानात कुठं जाळलं ते इचारतोय. मी त्याला ती जागा दाखवून आणली."

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. आत वैनी कुणाशी तरी बोलत होती. दादा उठला होता. "झोप लागली का? पाणी देऊ का? गार देऊ का माठातलं?"

मी तेव्हा शहाणपणा करायला नको होता. पण केला. दादाशेजारी बाजेवर बसले आणि म्हणाले, "तुझी कालव्याची फिल्लम सापडली, बघ." फोन त्याच्या हातात दिला. तो मन लावून बघत होता. गाडीचं दार लागलं तेव्हा मान हलवली. इंजिनिअर आला. घड्याळ आलं. अर्ध्यातच त्यानं फोन माझ्या मांडीवर ठेवला.

"ही ती न्हाई," तो म्हणाला.

"हीच आहे, दादा."

"न्हाई, बाई. तुला ठावं न्हाई, तू उठून गेलतीस." आणि तो सांगायला लागला. त्याच लयीत, तसाच मधे थांबत. गेले कित्येक महिने त्याला सकाळचं संध्याकाळी आठवत नव्हतं, पण ही गोष्ट जशीच्या तशी होती. पांढरी गाडी. आई आत जाते. बाहेर येते. पोराच्या डोक्याला तेल लावते. मी ऐकत होते. मला आता माहीत होतं की तो काय सांगतोय, आणि दारात उभं राहून बघणारं ते नऊ वर्षांचं पोरगं मला दिसत होतं. मी फक्त दादाकडे बघत होते.

तो मधेच थांबला. माझ्याकडे वळला. बराच वेळ बघितलं.

"तू 'कसं कळतं' म्हणून इचारलं न्हाईस," तो म्हणाला.

"दादा—"

"बाई दरवेळेला तिथं इचारती." त्याचा आवाज अगदी हळू झाला. "तू कधी आलीस?"

मी घाईघाईनं विचारलं, "कसं कळतं, दादा? सांग ना, कसं कळतं?" पण उशीर झाला होता. तो बाजेवरून उठला, भिंतीला पाठ लावत आतल्या खोलीत गेला आणि कडी लावून घेतली. दुपारचे चार वाजले असतील. बाहेर पोरं खेळत होती. आम्ही तिघी दारापाशी उभ्या राहिलो. वैनी हाका मारत होती, मी मारत होते.  मग मावशीनं आम्हाला मागं सारलं आणि दाराला तोंड लावून म्हणाली, "बाळा, भूक लागली का?"

मावशीनं त्याला असं काही विचारल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. थोड्या वेळानं कडी निघाली. त्यानं आम्हा दोघींकडे बघितलं नाही. मावशीचा पदर धरला आणि म्हणाला, "आई, ह्या दोघीजणी कोण हायेत?"

त्याला आता सहा महिने होत आले. तेव्हापासून तो मावशीला आईच म्हणतो. तिच्याच हातानं जेवतो, तिच्या खाटेजवळ झोपतो. ती त्याला जेवला का, लागलं का, कुठं गेलता ते विचारते आणि तो नऊ वर्षांच्या पोरासारखी उत्तरं देतो. मावशीनं कधी त्याची चूक दुरुस्त केली नाही. एकदा मला म्हणाली, "ताईचं नाव मी घेऊन राहिले का गं? पाप लागंल का?" मी म्हणाले, नाही लागणार. मला तरी काय माहीत?

माझ्याशी तो बोलत नाही. मी अंगणात आले की खिडकीतून बघत राहतो आणि मी जाईपर्यंत नजर काढत नाही. पहिल्या वेळी मी परत वसमतला येताना सगळा रस्ता रडले. आता दर पंधरा दिवसांनी जाते, मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरते आणि वैनीजवळ बसते. वैनीनं विचारणं सोडून दिलंय. "आता कुणाला इचारू, बाई?" ती म्हणते. "लई दिवसांनी तोंडाला इसावा मिळाला." सोयाबीनची खुरपणी तिनं एकटीनं केली. जीप विकली. पोरगा पुण्याहून येऊन चार दिवस राहिला. बापानं त्याला पाहुणा समजून चहा विचारला, एवढंच त्याचं नशीब.

तो सिनेमा मी पुन्हा लावला नाही. परवा बघायला गेले तर त्या माणसानं टाकलेलं सगळंच निघून गेलं होतं. कुणी काढायला लावलं की त्यानंच काढलं, कळलं नाही. रेडिओचा अर्धाही गेला.

येत्या शनिवारी नांदेडची तारीख आहे. शेजारच्याची गाडी सांगून ठेवली आहे. मागच्या वेळी वैनीला गाडीत बघून दादानं चालत्या गाडीचं दार उघडलं होतं. म्हणून या वेळी दादा मागं बसेल, मावशीला चिकटून. मी डॉक्टरांकडे परस्पर पोचेन. मावशीला एकटीला तो आवरायचा नाही, म्हणून वैनीही येईल. वैनी पुढं बसेल, चालकाच्या शेजारी, डोक्यावरून पदर घेऊन आणि तोंडाला रुमाल बांधून, आणि नांदेड येईपर्यंत एकदाही मागं वळून बघणार नाही.